तोंड न लागलेलं दूध

माझ्या बायकोच्या छातीला गाठ आली आहे, ही बातमी मला कशेळ्याच्या बाजारात न्हाव्याने दिली. गालाला साबण, मान मागे टाकलेली आणि वस्तरा गळ्याच्या घाटीवर. अशा वेळी माणूस फक्त ऐकतो.

“मग वहिनीला मुंबईला नेनार, का हितंच कायतरी बघनार?” न्हावी म्हणाला.

मी डोळ्यांनीच विचारलं, काय?

“गाठीचं म्हनतो मी. आता करनार काय म्हना. मागं पोट पाडलं व्हतं ना? ते कुटंतरी निघायचंच.”

बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघांनी माना हलवल्या. या न्हाव्याच्या बापाने माझ्या बापाच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता, विटाळ व्हायचा. आता पोरगा माझ्या घरातल्या गाठीची आपुलकीने चौकशी करत होता. सुधारणा म्हणतात ती ही. मी अर्ध्या दाढीवर उठणार होतो. पण अर्ध्या दाढीने घरी गेलो असतो तर त्याचंही कारण लोकांनी तेच सांगितलं असतं. म्हणून पुरी करून घेतली.

मी रेल्वेत गँगमन होतो. कर्जतच्या पुढे घाटाकडे जाणारी लाइन आमच्या गँगकडे. शिक्षण दुसरी. सही येते, वर्तमानपत्र येतं. मोठी अक्षरं लगेच, बारीक अक्षरं दुपारपर्यंत. खोटं मात्र येत नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं असं आमच्या वाडीचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही.

पोट पाडलं ती आणीबाणीच्या थोडी आधीची गोष्ट. आम्हाला चार मुलं होती. चौथ्याच्या वेळी कारभारीण मरता मरता वाचली, अंगातलं रक्त सगळं गेलं होतं. तेव्हाच मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पाचवं नको, जिवावर बेतेल. तरी राहिलं. तोवर सरकारने कायदा केला होता की दवाखान्यात जाऊन रीतसर मोकळं होता येतं. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, “चार पोरांना आई पायजे.” झालं, ठरलं. दिवसाउजेडी गेलो, मोठ्या दवाखान्यात. कागदावर मी सही केली. अंगठा नव्हे, सही.

त्यासाठी रजा मागायला मी मुकादमाकडे गेलो. त्याने सगळ्या गँगसमोर विचारलं, “रजा कशाला?”

अशा वेळी आमच्यातले लोक सासू मारायचे. एकाची सासू माझ्या नोकरीत तीनदा मेली आणि तिन्ही वेळा मुकादमाने हळहळून रजा दिली. मी सरळ सांगितलं, “बायकोचं पोट पाडायचं हाय. डागदरानं सांगितलंय.” एकाच्या हातातून तर पहार पडली. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी वाडीत पोचली होती.

तेव्हापासून आमच्या घरात जे काही वाकडं होईल त्याला कारण तयार. थोरला मॅट्रिकला नापास झाला, पोट पाडलं म्हणून. त्याच वर्षी वाडीतली झाडून सगळी पोरं नापास झाली होती, पण त्यांची कारणं वेगळी होती. आमची म्हैस आटली, तीही म्हणे त्याचमुळे. मी हसण्यावारी नेत होतो. कारभारीण हसत नव्हती.

तर न्हाव्याकडून उठून मी घरी आलो. कारभारीण अंगणात तांदूळ पाखडत होती.

“न्हाव्याला ठावं, आनि मला नाय,” मी म्हणालो.

तिने सूप थांबवलं नाही. “आक्काला सांगितलं व्हतं.”

“आक्काला सांगनं आनि बाजारात दवंडी पिटनं, फरक काय?”

“दवंडीवाला पैसे घेतो.”

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. विधवा झाल्यावरही वाडीतच, मुलगा-सुनेबरोबर, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. कुणाचं लग्न कुठे जमवायचं, कुणाच्या बाळंतिणीला काय खायला घालायचं, हे सगळं आक्का ठरवायची. वाडीला पंच होते, पण पंचांनाही आक्का होती.

कारभारणीने मग सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. डाव्या बाजूला, आतून, गोटीएवढी. लावणीच्या वेळी आंघोळ करताना हाताला लागली. आता भात कापून, झोडून घरात आलं होतं. दुखत नव्हती म्हणून ती गप्प बसली.

“उद्या जाऊ,” मी म्हणालो. “दवाखाना रेल्वेचा, पास रेल्वेचा. अडचन काय?”

“मी नाय येनार.”

“का?”

“तितं टेबलाशी एक बाय बसती. ती पयलं काय इचारती? पोरं किती, आनि पाडली किती. मागल्या खेपेला बी तेच इचारलं. आता मी सांगायचं, एक पाडलं. ती लिवनार. मंग येनारा जानारा डागदर ते वाचनार आनि म्हननार, बाई, तुजं तू केलंस, आता आमच्याकडं कशाला आलीस?”

“डागदर असं म्हनत नाय.”

“तुमी डागदर हाव?”

मी हट्टी आहे, हे पंचक्रोशीला माहीत आहे. पण माझं लग्न कुणाशी झालं हे पंचक्रोशीने लक्षात घेतलेलं नाही. रूळ चारजणांनी पहारी लावल्या की सरकतो. ही सरकत नाही. आणि तिची भीती खोटी नव्हती. गाठ वाढत होती, ती मरेल ही भीती मला होती. तिला मरणाची नव्हती. आपणच हे ओढवून घेतलं असं भरल्या दवाखान्यात कुणीतरी तोंडावर म्हणेल, याची होती.

दुसऱ्या दिवशी मी आक्काकडे गेलो. म्हटलं, तूच हे तिच्या डोक्यात घातलंस, तूच काढ.

आक्का चुलीपुढे होती. फुंकणी बाजूला ठेवून तिने मला नीट समजावलं. “हे बघ बाबू. म्हशीचं पारडू मेलं आनि तिला कुनी पिळलीच नाय, तर कास दगडावानी व्हते का नाय?”

“व्हते.”

“मंग! बाईचं तसंच. दूध तयार झालं, त्याला तोंड लागलं नाय. तोंड न लागलेलं दूध जानार कुटं? नासतंय. नासून गाठ व्हती.”

“आक्का, ते दोन म्हैन्याचं व्हतं. दोन म्हैन्यात दूध कुटनं आलं?”

“दोन म्हैन्याचं असू दे न्हायतर आठ. थानाला काय क्यालेंडर वाचता येतं?”

“आनि चार पोरं दोन-दोन वर्सं अंगावर पाजली ती?”

“ते त्यांचं दूध,” आक्का म्हणाली. “ह्याचं येगळं.”

छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा याच आक्काने घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून स्वतः नदीत सोडले होते. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला होता, अजून वाटतो. पण देव गेले आणि त्यांच्या पाठीमागे लपून बसलेलं हे दूध देव्हाऱ्यातून हललंच नाही. तेहतीस कोटींना जे जमलं नाही ते त्याने केलं.

मग मी शास्त्राकडे गेलो. शास्त्र कर्जतला होतं. तिथे एक कंपाउंडर होता. तो ज्या डॉक्टरच्या हाताखाली होता तो डॉक्टर वारला, त्याच्या बायकोने दवाखाना बंद केला, पण नळी कंपाउंडरच्या गळ्यात राहिली. नळी गळ्यात असली की लोक येतात. मी सगळं सांगितलं.

कंपाउंडरने डोळे मिटले. “शरीर म्हणजे यंत्र आहे. चालू केलेलं यंत्र मध्येच बंद केलं की कुठेतरी बिघाड होणार. हे पुस्तकात आहे.”

“आमच्या गावच्या सुताराची आई असल्याच गाठीनं गेली. तिनं तर कदी काय पाडलं नाय. नऊ पोरं तिला.”

“अतिवापर,” कंपाउंडर म्हणाला.

“आनि शाळेच्या जुन्या बाई गेल्या, त्या? त्यांचं तर लगीनच नव्हतं.”

“गंज.”

पाडलं तर बिघाड, पोरं झाली तर अतिवापर, काहीच केलं नाही तर गंज. म्हणजे बाईने छाती घेऊन जन्माला येणं हीच चूक. मी तसं बोललोही. तो म्हणाला, तुमचं शिक्षण किती? मी म्हणालो, दुसरी. तो म्हणाला, मग बरोबर. आणि एक मलमाची डबी दिली. कापराचा वास इतका की बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

ते मलम कारभारीण लावायला लागली. दवाखान्यात यायला तयार नव्हती, पण मलम सकाळ-संध्याकाळ. मी काही बोललो तर म्हणायची, “लावतेय ना? मंग गप बसा.”

पंधरवडा गेला. गाठ डबीला भ्याली नाही. तेव्हा आक्काने उपाय काढला. आमच्याकडे जुनी रीत आहे, बाळंतिणीचं दूध अडलं, छाती ताठली की दुसरीचं भुकेलं मूल थानाला लावतात, ते ओढतं आणि दूध मोकळं होतं. रीत चांगली आहे, बाळंतिणीसाठी. आक्काने ती सात-आठ वर्षांपूर्वीच्या दुधासाठी काढली. समोरच्या घरातल्या सुनेचं पोर पाच महिन्यांचं होतं, चांगलं दणकट. ते मागून आणलं.

मला ओट्यावर काढून दार लोटलं. घर कुडाचं. कुडाची भिंत नजर अडवते, आवाज नाही. आत पाच-सहा बायका होत्या.

“घे रं राजा. घे. वढ.” ही आक्का.

मग त्या पोराने जो टाहो फोडला, तो कशेळ्यापर्यंत गेला असेल. कापराचं मलम सकाळीच लावलेलं होतं.

“अगं बाय! माज्या पोराच्या तोंडाला काय लावलं?” त्याची आई ओरडली. “थुकतंय बगा कसं!”

“बगा!” आक्का म्हणाली. “कळलं त्याला. नासलेलं दूध पोर लगेच वळखतंय.”

पोराने ओढलं असतं तर दूध मोकळं झालं असतं. नाही ओढलं, म्हणजे ते नासलेलं आहे. आक्काचं शास्त्र आणि कंपाउंडरचं शास्त्र एकाच शाळेत गेलेलं होतं. मी ओट्यावर विडी पेटवली.

सून पोराला घेऊन तणतणत गेली. आत कुजबुज झाली. मग दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली, शेजारच्या परड्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत शेळीचं करडू होतं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“तू गप बस रं,” म्हातारी म्हणाली. “ह्याला वास-बिस कळत नाय.”

करडू माझ्या डोळ्यांदेखत माझ्या घरात गेलं. दार लागलं. आत ते ओरडलं, कुणीतरी त्याचं तोंड धरलं असावं. मी उठलोच होतो, दार लाथेने उघडायच्या बेतात. तेवढ्यात कारभारणीचा आवाज आला. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, पण तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

“वन्सं! मी मानूस हाय का शेळी?”

“अगं, तुज्या भल्यासाटी—”

“भल्यासाटी पोर आनलं, मी गप बसले. आता करडू. उद्या काय आननार? रेडा?”

दार उघडलं. आधी करडू बाहेर आलं, उडी मारून, पायऱ्या न शिवता. मग म्हातारी. मग कारभारीण, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, डोळे लाल.

“अवो, पास काडा. सकाळच्या गाडीनं जायचं.”

आक्का दारातून म्हणाली, “अगं पन तितं ते इचारतील तुला...”

“इचारू दे. करडापुढं बसन्यापरीस डागदरापुढं बसते.”

इतके दिवस मी समजावलं, रागावलो, हात जोडले. एका करडाने काम केलं. मी त्या करडाला पुढे पुष्कळ दिवस पाला घातला. शेजाऱ्याने नंतर ते विकलं, तेव्हा मला वाईट वाटलं.

दवाखान्यात टेबलाशी खरोखरच एक बाई होती. तिने मान वर न करता विचारलं, “मुलं किती?”

“चार.”

“गर्भपात?”

कारभारणीने माझ्याकडे पाहिलं, मग सरळ पुढे, आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाली, “एक. डागदरानं सांगितलं म्हनून.”

बाईने लिहिलं आणि म्हणाली, “पुढचा नंबर.”

बस. सात-आठ वर्षं जी भीती घरात पोसली, तिला त्या बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कारभारीण तिथेच उभी राहिली, काहीतरी बाकी आहे असं वाटून. मागच्या बाईने ढकललं तेव्हा हलली.

आत डॉक्टरीणबाई होत्या. पिकलेले केस, हात पुरुषासारखे मोठे. त्यांनी गाठ बोटांनी चाचपली, काख चाचपली, दुसरी बाजूही पाहिली. मग मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, “तुकडा काढून तपासायला हवा. पण मला गाठ चांगली वाटत नाही. कधीपासून आहे?”

“लावनीपासून.”

“आणि आता आलात? इतके दिवस काय करत होतात?”

कारभारीण खाली बघू लागली. मी म्हणालो, “करडू शोधत व्हतो.” डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही, आणि मी समजावलं नाही.

मग कारभारणीने विचारलं. मला वाटलं नव्हतं की विचारेल. “बाई, खरं सांगा. मी मागं पाडलं, म्हनून आली का ही? तोंड न लागलेल्या दुधाची हाय का?”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “किती महिन्यांचं होतं?”

“दोन.”

“तेव्हा पाजण्याजोगं दूध नसतंच. आणि दूध असं वर्षानुवर्षं साठून त्याचा कॅन्सर होत नाही. ऐका. मी पुष्कळ वर्षं या गाठी काढते आहे. माझ्याकडे पाडलेल्या येतात, न पाडलेल्या येतात. दहा बाळंतपणं झालेल्या येतात, लग्नच न झालेल्या येतात. पाडल्यामुळे ही गाठ होते असं मला कधी दिसलं नाही, आणि तसं कुणी सिद्धही केलेलं नाही.”

“मी चार पोरं पाजली.”

“चांगलं केलंत. पाजल्याने धोका थोडा कमी होतो म्हणतात. पण संपत नाही.”

“मंग मला का झाली?”

“ते मला सांगता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणालाच नक्की सांगता येत नाही. मागच्या वर्षी तर एका पुरुषाची काढली.”

“बाप्याची? हितली?” कारभारणीने पदरावर हात ठेवला.

“हो. त्यांनाही होते, क्वचित.”

कारभारीण मग म्हणाली, “त्यानं काय पाडलं व्हतं?”

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरची परिचारिका डोकावली. कारभारीणही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

मला त्या डॉक्टरीणबाईंचं नवल वाटलं ते एका गोष्टीचं. गावच्या न्हाव्याला कारण ठाऊक, आक्काला ठाऊक, कंपाउंडरकडे तर तीन-तीन कारणं. जिने आयुष्यभर या गाठी हातात धरल्या तीच एकटी म्हणाली, मला ठाऊक नाही. आता माझी नात नर्स आहे. ती सांगते, त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी हजारो बायकांचं पाहिलं, पाडलेल्यांचं आणि न पाडलेल्यांचं, आणि निघालं तेच, या दोन्हींचा संबंध नाही. मी तिला म्हटलं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हटलं, आक्का म्हणत होती ना, म्हणजे नसणारच.

डावी बाजू काढली. नंतर किरणांचा शेक दिला, त्यासाठी रोज जावं लागायचं, म्हणून मुंबईला माझ्या चुलतभावाच्या खोलीत राहिली. काखेत काही गेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक लावणी काढली असतीत तर काही सांगता आलं नसतं. कारभारीण घरी आली आणि जगली, मला दमात घ्यायला पुरेल इतकी वर्षं जगली.

ती परतल्यावर कंपाउंडर रस्त्यात भेटला. म्हणाला, “बघा, मलमाने धरून ठेवली होती, म्हणून निभावलं.” मी त्याला म्हणालो, तुमच्या यंत्राचं काय, बाप्याचीसुद्धा एक गाठ निघाली आहे. तो म्हणाला, “अपवाद.” एवढं बोलून तो सायकलवर बसला. आक्काही हरली नव्हती. वाडीत सांगत होती, डॉक्टरने नासलेलं दूध कापून काढलं, मी म्हणतच होते.

आणि मग बायका यायला लागल्या.

एकेकट्या. दुपारी, पुरुष कामावर आणि म्हाताऱ्या डुलकीत असताना. कुणी वाटीभर डाळ उसनी मागायला, कुणी चाळण परत द्यायला. माझी तेव्हा रात्रपाळी होती, लाइनीवर गस्त, म्हणून मी दुपारी घरी असायचो. बाई आली की कारभारीण मला म्हणायची, “जरा ओट्यावर बसा.” दार लागायचं. आतून नुसती कुजबुज. बाई बाहेर पडायची ती पदर सारखा करत, आणि डाळ विसरून.

आठवडाभराने मी विचारलं, “ह्या येतात कशाला? जखम बगायला?”

“जखम बी बगतात. मंग आपली दाखवतात. गाठ हाताला कशी लागती ते इचारतात.”

“येवड्या सगळ्या घाबरल्यात?”

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. “अवो, त्यांनी बी पाडल्यात.”

“कुनी?”

“नावं नाय सांगनार. तुमी मुकादमाला सांगाल.”

मग हळूहळू तिने नावांशिवाय सांगितलं. वाडीत एक सुईण होती, ती वारून गेलेली. तिच्याकडे काढा होता, काडी होती. रात्रीचं जायचं, सकाळी म्हणायचं अंगावरून जातंय, पाठ दुखते. नवऱ्याला ठाऊक नाही, सासूला ठाऊक नाही. त्यात मरून गेलेल्याही होत्या, त्यांना ताप आला असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. ज्या जगल्या त्या विहिरीवर माझ्या बायकोकडे बोट दाखवत होत्या आणि घरी जाऊन आपली छाती चाचपत होत्या.

“किती असतील?” मी विचारलं.

“लई. त्यातल्या एकीला बी गाठ नाय.”

सगळ्या वाडीत उजेडात झालेलं एकच, ते आमचं, कारण मी रजेला सासू मारली नाही. म्हणून गाठ आली तेव्हा बोट दाखवायला तेवढं एकच होतं. बाकीच्यांची पाडलेली पोटं अंधारात, आणि त्यांच्या धडधाकट छात्याही अंधारात. असा हिशेब असेल तर शेळीसुद्धा शास्त्र लिहील.

सगळ्यात शेवटी आक्का आली. तिच्या हातात ना वाटी ना चाळण. मला म्हणाली, “म्हशीकडं बगून ये.”

“म्हैस बरी हाय.”

“मंग तिला सांगून ये तसं.”

“आक्का, हे घर माजं हाय.”

“घर तुजं. भाईर जा.”

मी ओट्यावर आलो. म्हशीकडे गेलो नाही. ओटाही माझाच आहे.

मग आक्काचा आवाज, पण आक्काचा वाटेना, इतका बारीक. “दोनदा गं. एक बिऱ्हाड पोटभर खात नव्हतं, तितं आनकी कुटं आनू? मालकाला बी ठावं नव्हतं. सुईनीनं शपत घेतली व्हती.”

“वन्सं, बसा आदी.”

“तवापासनं रोज दाबून बगते. आंगोळीला बसले की पयलं तेच. तुजी निगाली तवा म्हनलं, आता माजी निगनार. त्या दुधाचं सुईनीनंच सांगितलं व्हतं मला. म्हनली, जपून रहा, नासतंय ते.”

कारभारीण मग म्हणाली, “चोळी काडा. हात वर करा. दुसरा.”

मी विडी काढली, पण पेटवली नाही. काडी ओढल्याचा आवाज आत गेला असता.

“काय नाय, वन्सं.”

“नीट बग.”

“नीट बगितलं.”

“काखंत बग.”

“काखंत बी नाय. बाईंनी मला शिकवलंय, तसंच बगितलं. साफ हाय.”

मग आक्का रडली. मालक गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. कारभारीण तिला गप्प करत नव्हती, नुसती भांड्यांचा आवाज करत होती, म्हणजे ओट्यावर ऐकू येऊ नये. मी ऐकलं.

थोड्या वेळाने आक्का बाहेर आली. तोंड धुतलेलं, पदर डोक्यावर. मला पाहून थबकली.

“म्हशीकडं गेला नव्हतास?”

“आत्ताच आलो.”

तिने मला खालीवर पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि आता बोललो हेही कळलं. पायरी उतरताना मात्र म्हणाली, “पन दुधाचं मी सांगितलं, ते काय अगदीच खोटं नाय हां.”

“बरं,” मी म्हणालो.

आतून कारभारणीने हाक दिली, “वन्सं, पुढच्या म्हैन्यात परत या. आनि सुनेला बी आना.”

आयुष्यात कुणाचं न ऐकलेली माझी बहीण अंगणात उभी राहिली, वळली आणि म्हणाली, “येते गं.”